स्वाराच्या वहीतली खोडलेली ओळ

प्रिय बाई,

काल दुपारी मुन्सफसाहेबांचा चपराशी तुमच्या सात वह्या घेऊन दारात उभा राहिला. साहेबांची नांदेडला बदली झाली आहे. सोमवारी ते मोमिनाबाद सोडतील, आणि त्याआधी या वह्या पुण्याच्या त्या प्राध्यापकांकडे छापायला पाठवतील. निरोप असा, की कौसाबाईंनी एकदा वाचाव्यात, आणि त्यांच्या यजमानांविषयी काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर समासात दुरुस्ती करावी. मला दुरुस्ती करायला सांगतात, बाई! तीन वर्षांपूर्वी, तुम्ही अक्षरं शिकवण्याआधी, जिला 'ग' कुठला नि 'म' कुठला हे कळत नव्हतं, तिला!

चुकीचं लिहिलं गेलं आहे. ते तुमच्या हातून लिहिलं गेलं, पण चूक माझी आहे. कालपासून जिवाला थारा नाही. दूध उतू गेलं, कालवणात दोनदा मीठ पडलं, सासूबाई म्हणाल्या, "ध्यान कुठं हाय तुजं?" ध्यान तुमच्याकडं आहे. तुम्हांला जाऊन दोन महिने झाले आणि मला बोलायला तोंड आत्ता फुटलं आहे!

माझं लग्न तुम्ही पहिल्या वहीत चार ओळींत उरकलंत. चार ओळींत? एवढं का सोपं होतं ते? घाटनांदूरला माझ्या घरी सांगितलं होतं, मुलगा छावणीतल्या रिसाल्यात स्वार आहे, जरा कमी बोलतो. घोड्यावरून पडून डोकं दगडावर आपटलं आहे आणि त्या दिवसापासून नवीन काहीच डोक्यात राहत नाही, हे कोण कशाला सांगेल? लग्नाच्या दुसऱ्या सकाळी मी हळदीच्या अंगानं चुलीपुढं बसले होते. मालक आत आले, थबकले, मान खाली घातली आणि म्हणाले, "पावन्या बाई, तुमी कोनाकडं आलाव?"

आठ वर्षं झाली. रोज सकाळी मी नवीनच आलेली पाहुणी असते. अहोजाहो करतात, माझ्यासाठी पाट मांडतात, मी जवळून गेले तर अंग चोरतात. इतका मान या गावात दुसऱ्या कुठल्या बायकोला मिळाला असेल का, सांगा बरं!

मग तुम्ही आलात. पुण्याला शिकलेली, मुन्सफाची बायको, आणि माणसाला आठवतं कसं नि माणूस शिकतो कसा हे शोधायला लोकांच्या ओसरीवर येऊन बसते! सासूबाईंनी पहिल्या दिवशी उंबऱ्यावर लिंबू ठेवलं होतं, ते तुम्ही पाहिलंत आणि ओलांडून आलात. "मुन्सफाची बायकू लोकाच्या डोस्क्यात काय हुडकायलीय?" असं त्या महिनाभर विचारत होत्या. तुम्ही मालकांना पंधरा शब्द सांगायचात, थोड्या वेळानं परत विचारायचात. त्यांना एकही शब्द आठवायचा नाही. तुम्ही शब्द सांगितले होते, हेही आठवायचं नाही.

तो आरसा आठवतो? न्हाव्याकडून मागून आणलेला? पाटावर कागद, कागदावर दुहेरी रेघांचं पिंपळपान. हात पुठ्ठ्याआड. मालकांनी फक्त आरशात बघायचं आणि दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पहिल्या दिवशी पेन्सिल डावीकडं न्यावी तर उजवीकडं पळे. घाम फुटला बिचाऱ्यांना. मी करून पाहिलं, माझीही तीच गत! रोज तुम्ही आरसा मांडायचात, रोज मालक म्हणायचे, "आसलं म्या कदीच केलं न्हाई," आणि रोज आदल्या दिवसापेक्षा कमी चुकायचे. अकराव्या दिवशी एकाही रेघेला न शिवता त्यांनी अख्खं पान काढलं. तुम्ही पेन्सिल दातांत धरून टाळ्या वाजवल्यात. सासूबाई धावत बाहेर आल्या होत्या, काय झालं म्हणून.

"त्यांना ठाऊक नाही, कौसा, पण त्यांच्या हाताला ठाऊक आहे! मेंदूत सगळं एकाच कोठीत ठेवलेलं नसतं गं," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, "मग मी त्यांच्या कुठल्या कोठीत?" तुम्ही हसलात आणि माझा प्रश्न वहीत उतरवून घेतलात. मी गंमत केली नव्हती, बाई.

त्याचं उत्तर दुसऱ्या वर्षी मिळायला लागलं. ओसरीवर बसणारे मालक आपला जुना लगाम पुसायला घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसू लागले. मी पाणी आणायला गेले की अस्वस्थ व्हायचे, आले की पुन्हा पुसायला लागायचे. तुम्ही विचारलंत, इथं का बसलात? "हितं बरं वाटतंय." माझ्याकडं बोट दाखवून विचारलंत, या कोण? "पावन्या हायती. चांगल्या हायती."

चांगल्या! रोज सकाळी पहिल्यांदा भेटलेली बाई चांगली आहे, हे त्यांना कुणी सांगितलं? मी त्या दिवशी भाकरी थापता थापता रडले. तुम्ही तिकडं लिहीत होतात, काल ते मी वाचलं. "ओळख नाही, तरी विश्वास आहे. हाताचे काम जसे शिकले जाते तसा विश्वासही शिकला जातो, असे माझे अनुमान." पुण्याच्या प्राध्यापकांनी उत्तर धाडलं की थंडीत माणूस चुलीजवळ बसतोच, त्यात अनुमान कसलं? तुम्ही किती चिडला होतात! मी म्हटलं, उन्हाळा येऊ द्या. भर वैशाखात, अंगाची लाही होत असताना, मालक चुलीजवळच बसले. तुम्ही ठरवलंत, आता आणखी एक वर्ष नीट बघायचं आणि मग त्या प्राध्यापकांचं तोंड बंद करायचं.

आता पुढचं ऐका. हे तुम्हांला सांगितलेलं नाही.

आमचे सासरे सात वर्षांपूर्वी वारले, हे तुम्हांला ठाऊक होतं. मालकांना सांगितलं की ते दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे कोसळायचे, म्हणून घरात ठरलं, विचारतील तेव्हा 'उमापूरला सोयऱ्यांकडं गेलेत' म्हणायचं. दिवसातून दहा वेळा म्हणायचं. मी सात वर्षं म्हणत आले. यंदा दसऱ्यानंतर माझी आई गेली. तिचं तेरावं उरकून मी घाटनांदूरहून बैलगाडीनं दुपारी परत आले. सासूबाई देवीच्या देवळात गेल्या होत्या. काखेतलं गाठोडं अजून खाली ठेवलं नव्हतं, तोच मालकांनी विचारलं, "पावन्या बाई, आमचा बा कुठं गेलाय?"

"मेलाय तुमचा बा!" मी ओरडले. "सात वर्सं झाली! म्या पावनी न्हाई, बायकू हाय तुमची! अन् माजी माय बी मेली! आता तरी डोस्क्यात घाला की!"

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्यांचे दंड धरून मी त्यांना गदगदा हलवलं, त्या दुखऱ्या डोक्यासकट! ते भिंतीला टेकून खाली बसले आणि ढसाढसा रडायला लागले. मग थोड्या वेळानं काय झालं माहीत आहे? का रडतोय हे ते विसरले. रडणं मात्र थांबेना. ओल्या तोंडानं माझ्याकडं बघून म्हणाले, "पावन्या बाई, म्या कावून रडायलो?"

मी म्हटलं, "डोळ्यात धूर गेला आसंल."

दुसऱ्या सकाळी मी भाकरी द्यायला गेले तर ते मागं सरकले. सासूबाईंनी विचारलं, "कावून रं?" म्हणाले, "ठाऊक न्हाई. ह्या बाईचं भ्या वाटतंय." त्या दिवसापासून लगाम परत ओसरीवर गेला. माझ्या हातून भाकरी घेत नाहीत. ठेवून मी आत गेले की मग खातात.

गुरुवारी, तुमच्या ठरल्या वारी, तुम्ही आलात. चुलीजवळची रिकामी जागा तुम्हांला उंबऱ्यातूनच दिसली. "काही घडलं का, कौसा?" तुम्ही तीनदा विचारलंत आणि मी तीनदा म्हटलं, "न्हाई बाई, काईच न्हाई."

का खोटं बोलले? लाजेनं. सासूबाई ऐकतील या भीतीनं. पण आणखी एक गोष्ट होती, आणि ती आज रागानंच लिहिते. विचारताना तुमची वही मांडीवर उघडी होती! पेन्सिल कागदाला टेकलेली होती! तीन वर्षांत मालकांना तुम्ही हजार प्रश्न विचारले असतील. मला एकदा तरी विचारलंत का, कौसा, तू कशी आहेस? माझी आई जाऊन महिना झाला नव्हता. ती वही मिटली असतीत तर मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं ओकले असते. तुम्हांला माझी काळजी होती की तुमच्या अनुमानाची? तेव्हा मला कळलं नाही, आणि मी काळजीलाही उत्तर दिलं नाही, अनुमानालाही नाही.

काल सातवी वही उघडली. विश्वासाची ती ओळ तिच्यात तुम्ही पुन्हा उतरवली होती, आणि तिच्यावर आडवी रेघ मारली आहे. खाली लिहिलं आहे, "अनुमान मागे घेते. जवळ बसणे हा योगायोग असावा. पत्नीस तीनदा विचारले. काही घडले नाही म्हणते." बाई, तुम्ही माझ्यावर इतका विश्वास का ठेवलात? मला एकदा खोटी म्हणायचं होतंत! मालकांना माझं ओरडणं आठवत नाही, पण माझी भीती त्यांच्यात राहिली. म्हणजे तुमचं खरंच होतं ना? भीती राहते तर मायाही राहत असेलच ना? ज्या दिवशी तुम्हांला सगळ्यात मोठा पुरावा मिळायचा, त्याच दिवशी मी तो लपवला, आणि तुम्ही स्वतःला चुकीची समजून तापात गेलात. हे कसं फेडू मी?

आणि शेवटच्या पानाच्या समासात, बारीक अक्षरात, मालकांविषयी नसलेली एकच नोंद आहे. "कौसा फार दमलेली दिसते. आईचे काही बोलली नाही. पुढील गुरुवारी वही न घेता जावे." पुढच्या गुरुवारी तुम्हांला ताप भरला होता. वर मी रागानं जे लिहिलं ते खोडणार नाही, तेव्हा ते खरंच वाटलं होतं. पण ही नोंद मी अक्षरांवरून बोट फिरवत पुन्हा पुन्हा वाचली.

तर आता माझा शब्द घ्या. उद्या सकाळी तुमच्या खोडलेल्या ओळीखाली, समासात, मी बाळबोधीत लिहिणार आहे. कुठल्या दिवशी काय ओरडले, दंड कसे धरले, तुमच्याशी काय खोटं बोलले, सगळं. खाली माझं नाव घालणार आहे. छापून आलं तर येऊ द्या. सासूबाईंना छापायच्या आधी मीच वाचून दाखवीन.

मालकांची माफी मी कधी मागितली नाही. जे त्यांना आठवतच नाही त्याची माफी कशाला, असं मनाला समजावत आले. आता रोज मागणार आहे. भाकरी पुढं ठेवून निघून न जाता हातभर अंतरावर बसेन आणि म्हणेन, माझं चुकलं. ते विचारतील, "काय चुकलं, पावन्या बाई?" सासऱ्यांचं नाव मी काढणार नाही. नुसती बसून राहीन. दुसऱ्या दिवशी ते मला ओळखणार नाहीत, मी पुन्हा तेच म्हणेन. साहेबांकडून एक कोरी वही मागवली आहे. ते मागं किती सरकतात, ते रोज वितींनी मोजून तिच्यात लिहीन. एक वर्ष लागो, नाही तर दहा.

तुमची माफी मात्र मला रोज मागता येणार नाही, बाई. तुमच्या सगळं लक्षात राहायचं. म्हणून ही एकदाच मागते.

तुमची,
कौसा
मोमिनाबाद