हिवाळा माझा होता

तात्यापारा, रायपूर
माघ वद्य, शनिवार

प्रिय कौमुदी,

फोन करायचं सोडून मी पत्र काहून लिहून राहिले, असं तुला वाटेल. फोनवर तू आधी हसतेस, मग मलाही हसू येतं आणि बोलायचं ते राहून जातं. आज मला हसायचं नाही. मीराला सांग, आई वाचत असताना मागून डोकावू नको. हे फक्त तुझ्यासाठी आहे.

इकडे काल पुन्हा पंखा लावला. तू नागपूरला गेलीस त्या आठवड्यात शाल सुटत नव्हती आणि आता दुपारी अंगण तापतं. यंदाचा हिवाळा तू पाहिलाच आहेस. तुळशीचं लग्न झालं तरी पांघरूण पायाशीच पडलेलं. बाजारात फुलकोबी आली ती पिवळी, विस्कटलेली. वाटाण्याला गोडी नाही. स्वेटर विकायला येतात ती तिबेटी माणसं रस्त्याकडेला बसून पुठ्ठ्याने वारा घेत होती. आमचे हे रोज सकाळी पेपर आपटून तेच सांगायचे, राजधानी झाली, रस्ते रुंद केले, झाडं गेली, आता थंडी येईल कुठून? मी मान हलवायची. खरं तर मला ना झाडांची काळजी होती, ना कोबीची. मी तुझ्या खोकल्याची वाट पाहत होते.

वाचून दचकू नको. असंच होतं ते. आपल्या दोन्ही घरांमध्ये एक भिंत आहे. दरवर्षी दिवाळीचे दिवे उतरले की तुझा दमा सुरू होतो. पहाटे भिंतीपलीकडून खोकला यायला लागला की मला कळतं, आता होळीपर्यंत तुझा गळा बसला. मग आपले गाण्याचे यशवंतराव गुरुजी निरोप पाठवतात, “वसंतपंचमीला विनोदिनी गाईल.” कितीतरी वर्षं हे असंच चाललं. रामनवमी तुझी, गणपती तुझे, कोजागिरी तुझी. उन्हाळा आणि पावसाळा सगळा तुझा. हिवाळा माझा होता. हे आपण दोघी कधी बोललो नाही, पण तुलाही ठाऊक होतं. तुझ्याकडे काढा घेऊन यायची तेव्हा तू उशीला टेकून म्हणायचीस, “विनू, या साली काय गाशील?” आणि मी अगदी साळसूदपणे सांगायची, “अजून ठरलं नाही बाई.” ठरलेलं असायचं. दसऱ्यापासून ठरलेलं असायचं.

यंदा भिंतीपलीकडून खोकला आला नाही. कार्तिक सरला, मार्गशीर्ष लागला आणि पलीकडून रियाझ ऐकू यायला लागला. पहाटेचा, मोकळा, लांब श्वासाचा. चहाचं आधण ठेवून मी ओट्याशी उभी राहायची आणि तुझा षड्ज संपायची वाट पाहायची. तो संपायचाच नाही. चहा उतू जायचा. एकदा आमची सून ज्ञानदा मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मम्मीजी, कौमुदी मौसी का गला तो इस बार कमाल का खुला है ना?” मी तिला म्हटलं, गॅस बारीक कर. पोट्टी बिचारी घाबरलीच.

तुला आठवतं का, या गाण्याकडे तुला मीच आणलं होतं? तू नवी नवरी. तुझे मिस्टर रेल्वेत, बदलीवर रायपूरला आलेले. तुला ना इथलं हिंदी धड यायचं, ना कोणाची ओळख. आम्ही भोसल्यांच्या काळापासून इथले, आमच्या घरात आल्यागेल्याला आपलं करायची रीतच होती. मी तुला हाताला धरून पुरानी बस्तीत गुरुजींकडे नेलं, तुझं मन रमावं म्हणून. तेव्हा मी त्यांच्याकडे बरीच वर्षं शिकत होते. गुरुजींनी तुला सहज म्हटलं, काही म्हणून दाखव. तू लाजत लाजत आईने शिकवलेली एक ओवी म्हटलीस. गुरुजींनी सुपारी कातरता कातरता हात थांबवला. माझ्या गाण्याला त्यांनी हात थांबवल्याचं मला एकदाही आठवत नाही. परत येताना सायकल रिक्षात तू माझा हात दाबून म्हणालीस, “विनू, तू नसती तर माझं काय झालं असतं!” मला आनंदच झाला होता, खोटं कशाला सांगू. पण त्या आनंदाच्या बाजूलाच काहीतरी येऊन बसलं आणि ते आजवर उठलं नाही.

पौषात गुरुजींनी आपल्या दोघींना बोलावलं. तू लाल काठाची साडी नेसून चालत आली होतीस, पुरानी बस्तीपर्यंत चालत, आणि तुला धाप नव्हती. मला होती. गुरुजी म्हणाले, “कौमुदीचा गळा यंदा मोकळा आहे. वसंतपंचमीला तिला बसू दे. विनू, तू मागे तानपुऱ्यावर बस, साथ कर.” एवढंच. जसं काही पाट इकडचा तिकडे सरकवायचा होता. आणि तेही यंदा! आधी आपला कार्यक्रम म्हणजे आपलीच माणसं, आपल्याच सतरंज्या. आता राजधानी झाल्यापासून भोपाळहून आलेले अधिकारी, त्यांच्या बायका, पेपरवाले, सगळे येतात. यंदा तर आपल्या मराठी मंडळाने मोठं सभागृह घेतलं होतं. तू लगेच म्हणालीस, “गुरुजी, विनूलेच गाऊ द्या ना, दरसाल तीच गाते.” त्यावर ते म्हणाले, “दरसाल तू आजारी असतेस म्हणून.” कौमुदी, ते मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि तुझ्यासमोर ऐकणं वेगळं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते आमच्या घरच्यांना विचार. भाजी करपायची, मोलकरणीवर डाफरायची. हे म्हणाले, “काहून तोंड फुगवून बसून राहिली तू? मैत्रीण आहे ना ते तुझी?” मी म्हटलं, मैत्रीण आहे म्हणूनच. त्यांना काही समजलं नाही. मी रोज गच्चीवर जाऊन वारा कुठून येतो ते पाहायची. उत्तरेकडून झुळूक आली की बरं वाटायचं. दुपारी पुन्हा ऊन. तू मात्र येता-जाता फाटकातून हाक मारायचीस, विनू, आज बसंत रागाची तान बसली, ऐकतेस का? मी ऐकायची आणि छान म्हणायची. छानच असायची ती. त्याचाच त्रास होता.

आणि मग कोणाच्या ध्यानीमनी नसताना पंचमी तोंडावर आली असताना आभाळ भरलं. अभनपूरकडे गारा पडल्या, इकडे दिवसभर पाऊस, आणि पावसामागून असा वारा सुटला की जणू सगळा हिवाळा कुठेतरी अडवून ठेवला होता आणि कोणी एकदम दार उघडलं. सकाळी भिंतीपलीकडून खोकला आला. मी अंथरुणात उठून बसले. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते तुला सांगायलाच पाहिजे. कोणती साडी नेसू, हे आलं.

मी काढा घेऊन आले. तू उशांच्या ढिगाला टेकून बसली होतीस, ओठ निळसर, आणि प्रत्येक शब्दाच्या मधे थांबत होतीस. म्हणालीस, “विनू, मले नाही वाटत जमन. तू तयारी ठेव.” मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. वाईट वाटत होतं मला, खरंच वाटत होतं. आणि तोच हात मनातल्या मनात ठेका धरत होता. दोन्ही एकाच वेळी होतं, कौमुदी. माणसाच्या पोटात एवढी जागा असते हे मला त्या दिवशी समजलं. घरी येऊन मी साडीला इस्त्री केली, गरम पाण्याच्या गुळण्या केल्या आणि दार लावून रियाझाला बसले. गळा असा लागला होता म्हणून सांगू!

पंचमीच्या संध्याकाळी मी मोतिया साडी नेसून, गजरा माळून सभागृहात पडद्यामागे तानपुरा लावत बसले होते, आणि मीराच्या खांद्यावर हात ठेवून तू आलीस. कानाला मफलर, अंगावर दोन शाली. मंडळाचे सेक्रेटरी गंगाधर भैया धावतच आले. गुरुजींनी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, “बसून तं पाहतो.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणालीस, “विनू, वर नाही जाता येणार. बसंत नाही, पूरिया घेते. सूर खाली घे.” मी सूर खाली घेतला. गजरा माळलेला होता तसाच राहिला. मी तानपुरा पुन्हा लावला आणि तुझ्यामागे जाऊन बसले.

पूरिया हा राग खालच्या सुरांतच रेंगाळतो, ते तू नेमकं हेरलं होतंस. पण अंतऱ्याला वर जावंच लागतं. मी मागून पाहत होते. शालीखाली तुझ्या बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. वरच्या षड्जाला तू हात घातलास आणि आवाज फाटला. तू थांबलीस. तबला चालूच होता. अशा वेळी साथीला बसलेल्याने ओळ उचलायची असते, तसं मी उचललं. कौमुदी, मी स्वच्छ गायले. तो षड्ज मी असा लावला की आयुष्यात कधी लागला नव्हता. आणि मी समोर पाहिलं तर साऱ्या सभागृहात एकही माणूस माझ्याकडे पाहत नव्हता. सगळे तुझ्या वाकलेल्या मानेकडे पाहत होते, तू श्वास घेतेस का, पुन्हा गातेस का म्हणून. माझा सूर त्यांना फक्त तू येईपर्यंत पुरवायचा होता. मग तू आलीस. फाटक्या आवाजात, निम्म्या श्वासात, त्याच षड्जाच्या जरा खाली अडखळून, तिथूनच वर गेलीस. पुढच्या रांगेतल्या त्या अनोळखी अधिकाऱ्यांच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. माझ्या अंगावरही काटा आला, आणि मला त्या काट्याचाही राग आला.

नंतर गुरुजींनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाले, “साथ छान झाली.” मी नमस्कार केला. घरी येऊन गजरा काढला आणि ज्ञानदाला दिला. दुसऱ्याच दिवशी मीरा तुला नागपूरला घेऊन गेली. मी फाटकापर्यंत आले होते, पण गाडीत तू डोळे मिटून होतीस. बोलणं झालं नाही.

आजवर इतकी वर्षं मी गप्प राहिले, अजूनही राहिले असते. पण काल संध्याकाळी गंगाधर भैया घरी आले. पेढे घेऊन आले! म्हणाले, “विनोदिनी दीदी, कौमुदी दीदींचा नागपूरहून फोन होता. त्या म्हणतात, थंडी पडो का न पडो, यापुढे वसंतपंचमीला नेहमी तुम्हीच गाणार. त्यांनी आपलं नाव काढून घेतलं. गुरुजींनाही सांगितलं.” आमच्या यांनी पेढा तोंडात टाकला, ज्ञानदाने टाळ्या वाजवल्या, आणि मी उठून आत निघून गेले. कौमुदी, कोणाला विचारून तू हे केलंस? गळा तुझा मोठा, ते मी मुकाट्याने सोसलं. आता मनही तुझंच मोठं ठरायचं का? माझ्यासाठी काहीच ठेवायचं नाही का तू? आज सकाळी मी पेढ्यांचा उरलेला पुडा घेऊन गंगाधर भैयांकडे गेले आणि त्यांना सांगितलं की मला असं दिलेलं नको. तिथून तशीच गुरुजींकडे गेले. त्यांना म्हटलं, पुढच्या वर्षी आम्हा दोघींना समोर बसवा, दोघींनाही बसंतच द्या, आणि कौमुदी ठणठणीत असेल तेव्हाच ऐका. मग जिला म्हणाल ती गाईल. गुरुजी हसले. म्हणाले, “विनू, तू हरशील.” मी म्हटलं, हरेन. तेव्हा त्यांनी कातरायला घेतलेली सुपारी खाली ठेवली. हे तुला कळवायलाच पत्र लिहिलं. नागपूरच्या डॉक्टरला छाती नीट दाखव. तो सांगेल ते औषध गुमान घे, काढ्यावर भागवू नको, आणि होळीच्या आत परत ये. भिंतीपलीकडे सगळं चिडीचूप आहे. माझा पहाटेचा रियाझ सुरू झाला आहे. तुझाही सुरू झालेला मला ऐकू आला पाहिजे.

अजूनही जळणारी, आणि तरीही तुझीच,
विनू