जानकीची बरणी आणि सोळाशे गोळ्या

ती. मृणालिनीताईंस,

मुलुंडहून मार्तंडचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. मी ठीक आहे. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो, आणि या वेळी मला थोडं सांगायचं आहे, म्हणून पत्र.

जानकी गेली त्या वर्षात घरात लोणचं घालायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतंत. ते मी काटेकोर पाळलं. (मला लोणचं घालता येत नसल्यामुळे फार जड गेलं नाही.) त्यामुळे तिची लिंबाच्या लोणच्याची मोठी काचेची बरणी ओट्याखाली रिकामी होती. सोसायटीच्या वर्धापनदिनाला लिमलेटच्या गोळ्या भरून ठेवायच्या, सगळ्यांनी आकडा सांगायचा, अशा खेळासाठी आमचे सेक्रेटरी नाना ती मागायला आले. मला नाही म्हणायला वेळ लागतो. तेवढ्यात नाना बरणी घेऊन जिना उतरलेसुद्धा. जिंकणाऱ्याला गोळ्या बरणीसकट मिळणार, हे मला खाली फळ्यावर वाचून कळलं. नानांना गाठलं तर म्हणाले, "मग जिंका ना, मार्तंडराव! वर्ष पाळताय ते ठीक, पण आकडा सांगणं म्हणजे काय सण आहे का?"

बरणी घरी आणायची तर जिंकणं भाग होतं. बाकीच्यांनी नुसतं बघून अंदाज केला. मी शास्त्रीय पद्धत वापरली. जानकी त्या बरणीत शंभर लिंबांचं लोणचं घालायची (लिंबं मीच मोजून आणायचो). लिंबाएवढ्या वाटीत गोळ्या बसल्या सोळा. म्हणजे सोळाशे. निघाल्या बाराशेच्याही आत. बरणी दुसऱ्या मजल्यावरच्या हर्षदला गेली, ज्याने आपल्या स्कूटरचा नंबर सांगितला होता. माझी रीत ऐकून त्याची बायको सपना हसली. "अहो काका, लिंबं मुरून खाली बसतात, मग वर आणखी घालतात. शंभर एकदम कुठली बसायला! एवढी वर्षं नुसतं खाल्लंत वाटतं?"

खरं आहे.

पुढच्याच आठवड्यात सपना बरणी घेऊन दारात. "ही तुमची तुम्हालाच लखलाभ, काका. गोळ्यांना लोणच्याचा वास मारतोय, घरात कोणी तोंड लावत नाही." मी दिलगिरी व्यक्त केली. (बरणी मी गरम पाण्याने धुतली होती. झाकण धुवायचं राहिलं होतं. ते वर्षभर राहिलंच आहे.)

तर बरणी सुखरूप आहे, एवढंच कळवायचं होतं.

आपला,
मार्तंड

ता. क. वर्षश्राद्ध झालं की येऊन लोणचं घालून द्याल का? लिंबं मी आणीन. ती एकदम बसत नाहीत हे आता मला माहीत आहे, तेव्हा चार दिवस राहायच्या तयारीने या.

ता. क. दुसरा. तशी घाई नाही. गोळ्या टाकून दिल्या असं मी सपनाला सांगितलं आहे. रोज वरणभाताबरोबर एक घेतो. शेवटी शेवटी हिंग लागतो. बरणी रिकामी होत आली की कळवीन.