अहवाल शुक्रवारी आला

हाल्मस्टाड,
रविवार, १४ जुलै २०१९, सकाळी सात

प्रिय सिक्स्टन,

सप्रेम नमस्कार. एकवीस वर्षांनी माझं अक्षर बघून तुम्ही दोनदा चष्मा पुसाल. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, काठी घेऊन बागेपर्यंत जाता, असं कळलं. बरं वाटलं. खरंच वाटलं.

क्लबातूनच लिहितेय. रात्री पाऊस झाल्यामुळे कोर्टाची माती जड झालीय, चेंडू आज फारसा उसळणार नाही. कॉफी तुमच्या वेळी होती तितकीच वाईट आहे. तुम्ही सोडून गेल्यावर इथे बरेच प्रशिक्षक झाले, आता मी आहे. तुमच्याच खुर्चीत बसते म्हणा ना.

माझ्याकडे तुव्हा नावाची मुलगी आहे. एकोणीस वर्षांची. दहाव्या वर्षी तिचे वडील ओवे, इथले इलेक्ट्रिशियन, तिला हाताला धरून घेऊन आले होते. पोरगी रागीट, हट्टी, आणि सर्व्हिस अशी की समोरचीचं मनगट झिणझिणतं. आज एक वाजता तिची फायनल. जिंकली तर पुढच्या महिन्यातल्या मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश. या क्लबातून तिथवर फक्त मी पोचले होते, तेही तुमच्यामुळे. हे मी कुणापाशी बोलत नाही.

महिनाभर तिची कंबर दुखतेय. गुरुवारी एमआरआय केला. खेळाडूंचे अहवाल आमच्याकडे आधी प्रशिक्षकाला येतात.

शुक्रवारी मी तिच्या रॅकेटच्या तारा ओढत होते, तेव्हा फोनवर अहवाल आला. मणक्याला बारीक चीर आहे. आठ आठवडे संपूर्ण विश्रांती, खेळ तात्काळ बंद. मी वाचलं, फोन उलटा ठेवला आणि उरलेल्या तारा ओढून पूर्ण केल्या.

काल सकाळी सेमीफायनलच्या आधी बूट बांधता बांधता तिनं विचारलं, "मारित, रिपोर्ट आला का गं?"

"छे! डॉक्टर लोक इतके तत्पर कधीपासून झाले?" मी हसले. तीही हसली.

"मग खेळू ना बिनधास्त?"

"खेळ."

तीन सेट चालली मॅच. तिसऱ्या सेटमध्ये प्रत्येक सर्व्हिसच्या आधी ती डावा हात कमरेवर दाबत होती. कुंपणापाशी ओवे घसा फाटेस्तोवर ओरडत होता, "शाब्बास पोरी!" ती जिंकली. सगळे मला मिठ्या मारत होते.

सिक्स्टन, मे अठ्ठ्याण्णव. दवाखान्यातून परत येताना मी गाडीत विचारलं होतं, "काय म्हणाले डॉक्टर?" तुम्ही काच खाली करत म्हणालात, "थोडी सूज आहे. तू खेळ." कागद तुमच्या कोटाच्या खिशात होता. पंचविसाव्या वर्षी माझा खांदा संपला. आजही केस बांधायला मी डावा हात वापरते. भेटेल त्याला मी सांगत आले की तुम्ही चोर आहात.

मला वाटायचं, असं करताना माणसाला काहीतरी ओलांडावं लागत असेल, निदान आवाज तरी कापत असेल. माझा नाही कापला. किती सोपं होतं हो.

तुव्हा आली. सायकल लावतेय. पत्र अर्धं ठेवते.

दुपारी दोन

सांगितलं.

जाळ्या ठेवतो त्या खोलीत तिला नेलं आणि म्हटलं, "रिपोर्ट आलाय."

"आत्ता?"

हो म्हणता आलं असतं. ती अगदी सहज विचारत होती. "शुक्रवारी," मी म्हटलं आणि फोन तिच्या हातात दिला.

तिनं सगळं वाचलं. मग म्हणाली, "काल मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तू हसलीस."

मग ती एकदम भडकली. "आणि आज कशाला सांगतेस? सांगायचंच नव्हतं तर आणखी आठ तास गप्प बसायला काय झालं होतं तुला? जिंकले तरी असते!"

ती कोर्टावर गेली, एकटीनं दहा-बारा सर्व्हिस मारल्या. मी कुंपणाबाहेर उभी होते. तेराव्या वेळी चेंडू वर फेकला आणि मारलाच नाही. तो तिच्या पायापाशी पडला. ती थेट मुख्य पंचांकडे चालत गेली आणि नाव मागे घेतलं. मला विचारलं नाही. विचारायला नकोच होतं.

ओवे आला तेव्हा तिनं त्याला गाडीपाशी सगळं सांगितलं. तो माझ्यापर्यंत आला, टोपी काढली, परत घातली. "नऊ वर्षं, मारित," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर सोसलं असतं.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "काल खेळली का ती?" मी हो म्हटलं. त्यांनी तिला पुन्हा तपासणीला बोलावलंय. कालच्या मॅचनं चीर वाढली का, ते मंगळवारी कळेल. संध्याकाळी क्लबाच्या समितीसमोर मी सगळं सांगणार आहे. नंतर ते मला ठेवतील असं वाटत नाही.

तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. खांदा माझा होता आणि तो तुम्ही घालवलात. पण तुमच्याबद्दल बोलताना यापुढे माझा आवाज पूर्वीसारखा चढणार नाही, आणि तुमच्याखेरीज हे विचारायला मला कुणी नाही.

त्या दिवशी गाडीत, एकदा तरी, मला सांगावंसं वाटलं होतं का? जे असेल ते लिहा. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. तेवढं आता आपण दोघांनी एकमेकांसाठी करू नये.

जिनं हे दोन शब्द इतकी वर्षं टाळले, ती
तुमची विद्यार्थिनी,
मारित