कडब्यातलं जनावर

औसा, ८ जून २०२४

॥ श्री ॥

चि. सौ. जगदेवीस गुरुपादप्पाचे अनेक आशीर्वाद.

सळईचा हुक, मोटारसायकलच्या ब्रेकवायरचा चिमटा, पाइपाला शिवलेली पिशवी, जाळीच्या झाकणाची पेटी. सगळं माझ्या हातचं. कुणी शिकवलं नाही. सापाला हात न लावता धरता येतं, तेव्हा घाबरू नकोस. पण फोनवर तू ‘कडब्यात जनावर निघालंय’ एवढंच बोललीस आणि ठेवलास. साप हे समजलो. कोणता, ते कसं समजू? नाग, मण्यार, घोणस, धामण, प्रत्येकाला नाव आहे. लांबूनच बघ आणि कळव.

तुझा अण्णा

उमरी, १० जून

ती. अण्णांस जगदेवीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर कसं सांगू? सासूबाई समोरच बसतात. नाव घेतलं की ते येतं म्हणतात, म्हणून घरात कुणीच घेत न्हाई. तुम्ही म्हणाल, भुजंगरावांचं तरी कुठं घेतेस. थट्टा नका करू. कागदाला कान न्हाईत, म्हणून लिहून राहिले. जाड, आखूड हाय. पाठीवर साखळीसारखे ठिपके. कुकरवाणी फुसफुसतं. हे म्हणतात, अजगराचं पिल्लू, काही करत न्हाई. पण गाईला कडबा मीच काढते. आत हात घालताना लई भ्या वाटतं. लवकर या. चिठ्ठी एस.टी.च्या कंडक्टरकडं देते.

तुमची जगू

औसा, १३ जून

चि. जगदेवीस आशीर्वाद.

काल धरली ती अजगर नव्हे, घोणस. मी नाव मोठ्यानं घेतलं तशा सासूबाई उठून गेल्या. आता पुढचं नीट वाच. वन खात्यात ती दाखवली तेव्हा कळलं, नुकतीच व्यालेली आहे. घोणस अंडी घालत नाही, पिल्लं देते, वीस, तीससुद्धा. वीतभर लांब, करंगळीएवढी जाड असतात, पण विष पहिल्या दिवसापासून. ती पिल्लं कडब्यातच असणार. लगेच फोन केला, तो भुजंगरावांनी उचलला. हो हो म्हणाले. तुला सांगितलं की नाही, देव जाणे.

ही चिठ्ठी आजच कंडक्टरकडं देतो; पेटी वन खात्यात आहे, ती घेऊन उद्या पहिल्या गाडीनं येतो. तोवर गाय बाहेर बांध. कडबा काढ म्हणाले तरी हात घालू नकोस. चावलंच, तर पारावर मंत्र घालायला नेऊ देऊ नकोस, थेट सरकारी दवाखाना. आणि डॉक्टरांना जनावर नको सांगूस, घोणस सांग.

जीव सांभाळ, मग लोभ आहेच.

तुझा अण्णा

ता. क. त्याच फोनवर भुजंगराव म्हणाले, विष घेणारं गिऱ्हाईक आहे, पिल्लं जिवंत काढून द्या. मी नाही म्हटलं. ते आता दुसऱ्या कुणाचे तरी हात शोधतील, म्हणून गिऱ्हाईक देणार तो आकडा तुला ठाऊक असावा. वीस हजार.