भरल्या पिंपांचा आवाज

लातूर
ता. ९ मार्च १९८६

चि. सौ. चांगुणा हिस,

दादाचे अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड त्याहून जास्त चालतं, म्हणजे तब्येत ठीक आहे असं समज. जावईबापूंना आणि तुझ्या सासूबाईंना जयभीम सांग. तुझा सातवा संपत आला असेल. पायऱ्या जपून चढ.

लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललंय. पाट्या नव्या, साहेब नवे, साहेबांच्या जीपा नव्या. नळ मात्र तालुक्याचेच. पंधरवड्यातून एकदा खोकतात आणि गप्प होतात. माझी कारकुनी त्या जिल्ह्यामुळेच लागली, म्हणून मी फार बोलत नाही. गल्लीत आता टँकर येतो. तो कोण चालवतं, ठाऊक आहे? आपले किशनराव! जयंतीला आपल्या गायन पार्टीत गातात तेच. गल्लीच्या तोंडाशीच आलाप घेतात, त्यामुळे हॉर्नची गरज पडत नाही.

आता खरी बातमी. मी बेस गिटार घेतली. नांदेडचा एक ऑर्केस्ट्रा मोडला, त्यांच्याकडून. चारच तारा, पण एकेक सुतळीएवढी जाड. गाण्याच्या तळाशी जो घुमारा असतो ना, ज्याच्याकडे कुणी कान देत नाही, पण काढून घेतला तर गाणं लंगडं होतं, तो या वाद्याचा. भीमगीतांच्या कॅसेटी आपल्याकडे नेहमी बाहेरून येतात. या जयंतीला गल्लीत आपली, घरच्या घरी भरलेली कॅसेट वाजली पाहिजे, असं मी आणि किशनरावांनी ठरवलंय. मधली खोली त्यासाठीच घेतली आहे.

पण बाई, बेसचा आवाज टेपवर धरणं म्हणजे म्हशीला कोंबडीच्या डालग्याखाली झाकणं. गिटारची वायर सरळ टेपात घातली, तर आवाज मेलेला, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. मग स्पीकरपुढे माइक ठेवला, तर नुसता गडगडाट. माइक वीतभर मागे घेतला, स्पीकरच्या मधोमध न धरता जरा कडेला वळवला, तेव्हा कुठे सूर ओळखू यायला लागला. भिंतींना आईच्या वाकळा टांगल्या. नखानं छेडायचं सोडून बोटाच्या पेरानं छेडायला शिकलो. पेरांना फोड आलेत. ऑफिसात टाइप करताना साहेबांचं नाव चुकतं, आणि साहेबांना वाटतं मुद्दाम चुकवतो.

एवढं करूनही एक ठरावीक सूर लावला की खोलीत दुसरंच कुणीतरी गुणगुणायचं. मला आधी वाटलं आईच. शोधलं तर आपली पाण्याची लोखंडी पिंपं! रिकामं पिंप जाड तारेला साथ देतं आणि ती साथ थेट टेपवर उतरते. अंगणात ठेवावीत तर या दिवसांत पिंपंच चोरीला जातात. पण त्यावर उपाय सापडला आहे, तो इथं लिहीत बसत नाही. आवाज मात्र आता असा येतोय की किशनरावांनी ऐकून टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

एक गोष्ट राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज मला कळत नाही असं नाही. आठवा लागला की तू यायचंस, असं ठरलंही होतं. पण इथं पाण्याचे फार हाल आहेत. बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, बाळाचे लंगोट धुवायचे, एवढं पाणी आणायचं कुठून? तुमच्या आडाला अजून पाणी आहे असं जावईबापू म्हणाले होते. तेव्हा यावेळी तू देगलूरलाच राहावंस हे बरं. आईला मी एवढ्यात काही सांगत नाही. तूच दोन आठवड्यांनी लिही की सासूबाई पाठवत नाहीत. म्हणजे कुणाला लागायचं नाही.

तुझ्या भल्यासाठीच म्हणतोय.

तुझा दादा,
नरसिंग


लातूर
ता. ३० मार्च १९८६

चांगुणा,

जयभीम.

काल ऑफिसात निरोप आला की देगलूरच्या बसमधून तुमचं सामान आलंय, घेऊन जा. मला वाटलं तू पापड-कुरडया पाठवल्यास. कंडक्टरनं सीटखालून पाण्याचे दोन कॅन ओढून काढले. म्हणाला, "बाईनी चारदा सांगितलंय, सांडू देऊ नगा. आईसाठी हाय म्हनल्या."

तुझी चिठ्ठी वाचली. 'आईला प्यायला आणि डाळीला. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणायची. रिकामे कॅन याच कंडक्टरकडे दे, पुन्हा भरून देते.' एवढंच. रागाचा एक शब्द नाही. चार शिव्या घातल्या असत्यास तर मला सोपं गेलं असतं.

कॅन सायकलला दोन्हीकडे अडकवले आणि चालत निघालो. वाटेत मनात काय आलं तेही लिहितो. हे पाणी गटारात ओतावं, कॅन कुणाला तरी देऊन टाकावेत, म्हणजे आईला कळायचं नाही. थांबलो, एका कॅनची सुतळी सोडलीसुद्धा. तू आठव्या महिन्यात आडातून ओढलेलं पाणी, आणि मी ते ओतायला निघालो होतो. पलीकडून एक म्हातारी हंडा घेऊन येत होती, तिनं माझ्याकडे बघितलं म्हणून हात मागे आला. नाहीतर आला असता की नाही, सांगता येत नाही.

आईनं दारातच विचारलं, "पानी कुनी पाठवलं?"

"चांगुणानं."

"लेकीनं? आपल्या घरी?" ती कॅनकडे बघत राहिली. "आरं, मधल्या खोलीत पाच पिंपं भरून हायेत की तिच्यासाठी. आपल्याकडं पानी न्हाई म्हून तिला सांगितलं कुनी?"

मी चप्पल काढायला खाली वाकलो आणि तसाच वाकून राहिलो.

हो चांगुणा. पाच पिंपं, काठोकाठ. गेल्या पत्रात ज्याची मी फुशारकी मारली तो उपाय हाच. भरलेलं पिंप गुणगुणत नाही. ओळीनं स्पीकरच्या मागे उभी केली की घुमारा भिंतीवर आदळत नाही, सूर घट्ट आणि गोल येतो. एखादं अर्धं झालं तरी लगेच फरक कळायचा, म्हणून आईला मी त्यातला तांब्याही घेऊ देत नव्हतो. "चांगुणासाठी राखलंय," म्हणायचो. ती बिचारी बोअरचं खारं पाणी प्यायची आणि शेजारी सांगत फिरायची की माझ्या नरसिंगाला बहिणीची केवढी काळजी!

नांदेडच्या ऑर्केस्ट्रावाल्यानं सांगितलं होतं, मळलेल्या तारा उकळत्या पाण्यातून काढल्या की नव्यासारख्या वाजतात. त्यासाठी पातेलंभर पाणी मी त्याच पिंपातून घेतलं, आणि टँकर आल्यावर पिंप पुन्हा वरपर्यंत भरून घेतलं.

यापुढचं लिहिताना लाज वाटते, पण अर्धं लिहून थांबलो तर ती दुसरी लबाडी होईल. आपल्या गल्लीत घरटी एकच पिंप भरायचं ठरलंय. मला पाच कशी मिळाली? मी शेजारच्या उमाबाईच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं, चांगुणा बाळंतपणाला यायची आहे. उमाबाई तिथल्या तिथं म्हणाली, "मंग आधी तुमची भरा. आमचं काय, दोन हंडे कमी घेताव." सगळ्या बायांनी तुझ्यासाठी आपला नंबर सोडला. किशनराव स्वतः पाइप धरून आपल्या दारात उभे राहिले. पहिल्या दिवशी मी खोटं बोललो नव्हतो, तू येणारच होतीस. मग पिंपं भरली, मी गिटार लावून बघितली, आणि असा आवाज आला की मी तुला येऊ नकोस म्हणून लिहिलं. तू आलीस की मधली खोली तुझी, पिंपं रोज उपसली जाणार, आणि जयंतीच्या आत कॅसेट पुरी व्हायची नव्हती. तुझ्या नावानं पाणी घेतलं आणि तुझंच माहेर तोडलं.

वाईट याचं वाटतं की आवाज खरंच चांगला आला आहे. परवाच मी तो मन लावून ऐकत बसलो होतो. तेव्हा मला जराही लाज वाटली नाही.

आई ओरडली नाही. तिनं तुझ्या पाण्यात डाळ शिजवली आणि पहिलं ताट मला वाढलं. "खा. लेकीनं वडून पाठवलंय." मी खाल्लं. समोर बसून तिनं सगळं संपवायला लावलं. मग म्हणाली, "आता चल, उमाबाईला सांग."

टँकर आलेलाच होता, सगळ्या बाया रांगेत होत्या. त्यांच्यासमोर सांगितलं. मला वाटलं होतं कल्ला होईल. तसं झालं नाही. किशनरावांनी पाइपाचं तोंड दाबून धरलं आणि विचारलं, "मंग मी काय तुझ्या गिटारीपायी पाइप धरून राहिलो व्हतो का रं?" मी हो म्हटलं. "माझा आवाज पुसून टाक त्या टेपातून," म्हणाले आणि पुढच्या घराकडे गेले.

मी धावत घरात जाऊन बादलीनं पाणी काढून आणलं. म्हटलं, घ्या, वाटून घ्या, पाचही पिंपं घ्या. उमाबाईनं आपला हंडा मागं ओढला. "बाळंतिनीला दिलेलं पानी आमी माघारी घेत नसताव. ते तिचं हाय. तिला आन." मागच्या बायांनीही भांडी पुढं केली नाहीत. बादली तशीच परत नेऊन पिंपात ओतावी लागली. एवढी जड बादली मी कधी उचलली नव्हती.

तर आता पाच पिंपं भरून उभी आहेत. गल्ली ती घेत नाही. आई शिवत नाही, मला तर हातच लावू देत नाही. मधली खोली रिकामी केली आहे. वाकळा उन्हात टाकल्या, जमीन सारवून घेतली, तीही टँकरच्या माझ्या वाट्याच्या पाण्यात. किशनरावांचा आवाज पुसला. उरलं ते ऐकलेलं नाही.

मंगळवारच्या बसनं आई तुला न्यायला येते आहे. हे पत्र तिच्याच हाती देतो. तिला वाचता येत नाही म्हणून तिनं मला इथवरचं सगळं मोठ्यानं वाचायला लावलं. गटाराचं तिला मी काल सांगितलं होतं, पण वाचताना ते गाळलं, तिथंच तिनं अडवलं: "गटाराचं लिव्हलंस का?" लिहिलं म्हटलं. "मंग ऱ्हाऊ दे, बंद कर पाकीट."

नववा लागल्यावर प्रवास करता येणार नाही, म्हणून आत्ताच निघ, एवढं मागायचाही मला अधिकार नाही, तरी मागतो. तू नाही म्हणालीस तर आई तिकडेच राहून तुझं बाळंतपण करणार आहे. "लेक येत नसंल तर माहेरानं जायाचं," म्हणाली. ते बरोबरच आहे. पण मग या पाण्याचं काय करायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही.

आलीस तर मी स्टँडवर असेन. पिशवी माझ्या हातात दिलीस तर घेईन, नाही दिलीस तर मागून चालत येईन. गल्लीतल्या बाया बघतील. बघू देत.

तुझ्या पाण्याची राखण करत बसलेला,
नरसिंग