बर्फाला लावलेला कान

प्रिय आणि हट्टी क्विरीन,

काल तुमच्या नौकामंडळातला झेवर आला होता. तुझी कानाची यंत्रं रुमालात बांधून आणली होती. मी दारातच विचारलं, "बहिरा माणूस बर्फाला कान लावतो आणि तुम्ही सगळे बाप्ये मागे उभे राहता?" तर म्हणतो, "वाल्ली, वयाने सगळ्यांत मोठा तोच ना. बर्फ पक्का आहे का, ते कान लावून सांगायचा मान त्याचा." मान! मी त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही.

सगळा जन्म त्या तळ्यापायी घालवलास. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात स्लेज, आणि तळं गोठलं की पात्यांवर धावणारी ती शिडाची गाडी. पोटासाठी टपाल वाटलंस. पदक एकही नाही. स्लेजच्या शर्यतीत एकदा चौथा आलास, तेव्हा आपल्या आईने वाफवलेले गोड पाव केले. "तिसरा आलो असतो तर केक मिळाला असता," म्हणालास आणि माझ्या वाटणीचेही खाल्लेस.

मठाच्या शाळेतून मी सुट्टीला आले की मला बर्फावर आडवी पाडायचास. "ऐक. तुझ्यासारखं कुरकुरतंय ना? तोवर भिऊ नकोस. गप्प झालं की पळ." माझे इस्त्रीचे मोजे भिजायचे.

तुला चर्चची घंटा ऐकू येईना, तेव्हा भांडून ती यंत्रं घ्यायला लावली मी. बर्फाला टेकली की शिट्टी मारतात म्हणून काढून झेवरच्या हातात दिलीस, कान लावलास आणि सांगितलंस, "गातंय!" ऐकू येत नाही, एवढं म्हणायला काय झालं होतं रे? निदान बर्फावर आधी तूच निघालास. बर्फ तुझ्याखाली फुटला, बाकीचे वाचले. त्याची शाबासकी माझ्याकडून मिळणार नाही.

हृदय परत चालू झालं, मेंदू नाही. होणारही नाही, डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. उद्या सकाळी श्वासाचं यंत्र बंद करतील. होकार मी दिला. दुसरं आहेच कोण आपलं?

नर्स म्हणते, "बोला त्यांच्याशी, कान सगळ्यांत शेवटी जातात." तिला काय ठाऊक, तुझे आधीच गेलेत! शिवाय मी तोंड उघडलं की नुसती रागावते. इतके दिवस तुझ्या उशाशी तेच केलं. म्हणून हे लिहून काढलं. उद्या ती यंत्रं तुझ्या कानांत मी घालणार आणि हे वाचणार. मी कुरकुरतेय तोवर भिऊ नकोस. गप्प झाले की जा.

तुझीच,
वाल्ली