नवरदेवासाठी सुरेल ट्रान्झिस्टर

सातारा,
आषाढ शुद्ध नवमी

चिरंजीव मेजर मानसिंग यास वडीलबंधू जोतीराम याचे अनेक आशीर्वाद. (हुद्दा मुद्दाम लिहिला आहे. मागच्या पाकिटावर तो राहिला म्हणून ते पलटणीत दारोदार हिंडले असे कळवलेस. टपालखात्याकडून याहून वेगळी अपेक्षा मी ठेवत नाही.) येथे आक्का, तुझ्या वहिनी आणि मी सुखरूप आहोत. माझी पाठ तेवढी धरली आहे. तिचे कारण ओघात येईल. तुझ्या गुडघ्याविषयी सविस्तर लिही. 'ठीक आहे' हे उत्तर नव्हे, ती उत्तर टाळण्याची रीत आहे, आणि ती तू तिसरीत असल्यापासून वापरत आला आहेस. बांगलादेशची लढाई संपून दीड वर्ष उलटले, तरी एका मेजरला सख्ख्या भाचीच्या लग्नाला रजा मिळू नये याचे मला नवल वाटते. पण सैन्याच्या कारभारावर मत देण्याचा मला अधिकार नाही, म्हणून देत नाही.

लग्नाची हकिकत तुला इतरांनी कळवली असेलच, आणि बहुधा 'दादांनी रेडिओपायी लग्न मोडायची वेळ आणली' अशा एका वाक्यात कळवली असेल. वाक्य म्हणून ते निर्दोष आहे. हकिकत म्हणून ते अर्धवट आहे, आणि अर्धवट काम मला खपत नाही, म्हणून हे पत्र.

मूळ प्रश्न समजून घे. आक्काचे यजमान गेल्यापासून विजयमाला आपल्याकडे वाढली. तिचा गळा मी घडवला. तंबोऱ्याशेजारी बसवून, षड्ज लागेपर्यंत उठू न देता (तुझ्या वहिनी दुधाचा पेला घेऊन दाराशी उभ्या राहात, तरीही उठू न देता) घडवला. अशी मुलगी कुंडलला द्यायची ठरली. घर उत्तम, ऊस भरपूर, व्याही लालासाहेब माणूस सरळ, मुलगा कृष्णात शेतकी पदवीधर. पण त्या घरात गाणे म्हणून कोणी ओळखत नाही. लग्नात त्यांनी काही मागितले नाही. पंगतीतल्या रुसव्याला नवरदेवास एक ट्रान्झिस्टर द्यावा, एवढेच आक्काच्या कानावर घातले. ते ऐकून इतरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझी झोप उडाली. कारण उघड आहे: त्या घरात यापुढे जो सूर विजयमालेच्या कानी पडणार तो त्याच डब्यातून. डबा बेसूर निघाला तर माझी सगळी मेहनत दोन पावसाळ्यांत वाहून जाणार. म्हणून निवड मी माझ्याकडे घेतली. ट्रान्झिस्टर नावाला नवरदेवाचा होता. मला तो माझ्या भाचीच्या कानांसाठी हवा होता.

आपल्या जिल्ह्यात ट्रान्झिस्टर कसा विकतात हे तू पाहिलेले नाहीस. दुकानदार तो काऊंटरवर ठेवतो, आवाजाची खुंटी शेवटापर्यंत पिळतो आणि यंत्राकडे न पाहता गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहतो. गिऱ्हाइकाने कानांवर हात नेला की माल पसंत पडला असे समजायचे. सातारच्या एका दुकानात मी विचारले, खर्जाचा आवाज कसा येतो? त्याने उत्तर दिले, 'तीन बँडचा आहे.' मी म्हटले, बातम्या देणाऱ्याचा श आणि स निराळे ऐकू येतात का? त्याने एरियल पूर्ण उंचीपर्यंत ओढून दाखवली. तिसरा प्रश्न मी विचारला नाही. तो शिडी आणायला गेला असता.

साताऱ्याचा नाद सोडून मी सांगलीस गेलो, आणि जाताना तंबोरा बरोबर घेतला. यात हसण्यासारखे काही नाही. मोजपट्टीशिवाय कापड घ्यायला कोणी जाते का? सकाळी शास्त्रीय गायन लागले की आपला तंबोरा त्याच सुरात मिळवायचा, आणि रेडिओतला तंबोरा त्याच्याशी ताडून पाहायचा. खर्जाची तार ज्या यंत्रातून तारेसारखी ऐकू येईल ते यंत्र खरे. एवढी साधी कसोटी या देशात कोणा गिऱ्हाइकाला सुचली नाही, हे मला त्या दिवशी एस.टी.त कळले. कंडक्टरने गवसणीतल्या तंबोऱ्याकडे पाहून 'पेशंटला खिडकीकडं घ्या' असे सांगितले. कऱ्हाडला चढलेल्या एका बाईंनी त्याला काय झाले आहे अशी चौकशी केली. मी तंबोरा म्हणून सांगितले. त्यांनी हा आजार पूर्वी ऐकला नव्हता.

सांगलीचे जवाहरशेठ मात्र सभ्य गृहस्थ. जैन व्यापाऱ्याची ती जुनी अदब, पाणी विचारणे, चहा विचारणे, सगळे यथास्थित. त्यांनी दुकानातले सर्व नग माझ्यापुढे मांडले. प्रत्येक नग मी जवळून ऐकला, दाराबाहेर उभा राहून ऐकला, उभा करून ऐकला, आडवा करून ऐकला. एक तांबडा, वीतभर, चामड्याच्या कव्हरातला नग तर ऐकताक्षणी बाद केला. त्याचा आवाज पत्र्यावर खडे ओतल्यासारखा होता आणि तो तसा आहे हे त्या यंत्राला ठाऊकही नव्हते. शेवटी जवाहरशेठ हात जोडून म्हणाले, 'सर, आपण रेडिओ घेताय का सून बघताय? एवढं तर आमच्या घरी सुनेलापण चालून दाखवायला लावलं नव्हतं.' मी म्हटले, सून पुढे सुधारते, यंत्र सुधारत नाही. त्यावर ते बराच वेळ हसले आणि आतून एक लाकडी पेटीचा, रुंद छातीचा नग घेऊन आले. खर्ज लागला. मानसिंग, त्यातून खर्जाची तार अशी आली की मी वाजवायचा थांबलो. पेटी जड होती हे मान्य; पण तिला वर कडी होती, आणि कडी आहे म्हणजे वस्तू उचलून न्यायची आहे, हे तर्काला धरूनच आहे. (पाठीचे कारण ही कडी.) त्या पेटीवरही चामड्याचे कव्हर होते. समोर भोके पाडलेले, पट्टा लावलेले, इतर नगांना असते तसेच. मी ते काढून जवाहरशेठना परत केले. गायकाला गोधडी पांघरून गायला लावणारा श्रोता मी नाही. 'राहू द्या सर, उपयोगी पडेल,' असे ते दोनदा म्हणाले. अदब एवढीच त्यांच्याजवळ होती, कान नव्हता.

आता लग्न. अक्षता वेळेवर पडल्या, हे आपल्या घराण्यात प्रथमच घडले. नंतर पंगत बसली. ताटाभोवती रांगोळी, ताटात जिलेबी, आणि रिवाजाप्रमाणे कृष्णातराव मान खाली घालून बसले, हात लावीनात. बायकांनी हसून मला खूण केली. मी पेटी आणून पाटासमोर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिले, मागून पाहिले, बाजूने पाहिले आणि हळूच विचारले, 'मामा, ह्येचं कव्हर कुटं हाय?' प्रश्न योग्य होता, म्हणून मी तो टाळला नाही. चामड्याने वरचे स्वर कसे दबतात, लाकडाच्या पेटीचा स्वतःचा नाद कसा असतो, हे मी सर्वांना ऐकू जाईल असे समजावून सांगितले. वरणावर साय धरली. माझे संपायच्या आत नवरदेव पाटावरून उठले, मांडवाबाहेर गेले आणि वऱ्हाडाच्या ट्रकात ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. कुंडलकडे रुसवा असाच करत असतील असे समजून मी ट्रकाशी गेलो आणि अभिनय फार स्वाभाविक झाला आहे, असे त्यांचे अभिनंदनही केले.

तेव्हा लालासाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'मास्तर, पोरगं खरंच रुसलंय.' (मास्तर. संस्कृतात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसास.) मी म्हटले, रुसव्यात नवरदेव रुसणारच. 'आवं, त्यो रुसवा येगळा, ह्यो येगळा. गावात समद्यांच्या खांद्याला रेडू हाय, कव्हरात. ह्येनं काय उघड्या अंगाचा रेडू घिऊन येशीतनं जायाचं व्हय?' मी सुराचा मुद्दा पुन्हा मांडू लागलो. त्यांनी मांडवाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या माझ्या तंबोऱ्याकडे बोट केले. 'तुमच्या भोपळ्याला गवसणी लागती, आन आमच्या रेडूला नको?' वऱ्हाड हसले. आपलीही माणसे हसली, आणि ती कोण हे मी लक्षात ठेवले आहे. उपमा सपशेल चुकीची होती: गवसणी घालून तंबोरा कोणी वाजवत नाही. पण ते सांगण्याइतकी शांतता मांडवात उरली नव्हती. आक्का रडू लागल्या होत्या. विजयमाला पाटावर एकटीच बसली होती आणि तिच्या शेजारचा पाट रिकामा होता. खरे सांगायचे तर तो रिकामा पाट पाहून मलाही बरे वाटले नाही.

अशा वेळी तुझ्या वहिनी धान्याच्या कोठीतून तो तांबडा, वीतभर डबा घेऊन बाहेर आल्या. चामड्याच्या कव्हरासह. रेडिओ बाळगायचा पोस्टातला परवानासुद्धा काढून ठेवलेला. मी तंबोऱ्याच्या तारांसाठी मिरजेस गेलो असताना त्यांनी तो जवाहरशेठकडून परस्पर मागवून घेतला होता. इतका काळ एका छपराखाली राहून मला पत्ता लागू दिला नाही. ट्रकाशी जाऊन त्या एवढेच म्हणाल्या, 'कृष्णातराव, तो मोठा तुमच्या घरासाठी, हा तुमच्या खांद्यासाठी.' कृष्णातरावांनी पट्टा खांद्यात अडकवला, खुंटी शेवटापर्यंत पिळली, आणि जनावरांच्या लाळ-खुरकतीवरचे भाषण सगळ्या आळीला ऐकवत ते पाटावर परत आले. जिलेब्या किती खाल्ल्या ते मी पाहिले नाही. मी पाहण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

माझी पेटी विजयमालेच्या ट्रंकेबरोबर कुंडलला गेली. ती भिंतीपासून किती अंतरावर ठेवायची हेही मी सांगितले होते. आणि परवा आखाडासाठी माहेरपणाला विजयमाला आली ती पेटीसकट. पोहोचवायला आलेले कृष्णातराव ती एस.टी.च्या टपावरून उतरवू लागले, तेव्हा ते नीट उतरवणार नाहीत म्हणून मी मध्ये पडलो. पाठ.

'मामा, रेडिओ लय चांगला आहे,' ती म्हणाली. (लय. दोन महिन्यांत.) 'पण त्याचा आवाज घरातच राहतो.' मी म्हटले, चांगला आवाज घरातच राहतो, बाहेर जातो तो गोंगाट. 'यांचा शिवारातून ऐकू येतो. हे विहिरीवर असले की बारीक येतो. ओढा ओलांडला की मोठा होतो, मग मी तवा ठेवते. चिंचेपाशी आले की भाकरी उलटायची. ताटात पडते तेव्हा गरम असते.' मी विचारले, आणि मध्येच बंद पडला तर? 'सेल संपले, नाहीतर कुणी बोलायला भेटलं. मग तवा उतरवते.' पत्र्यावर खडे ओतल्यासारखा तो आवाज, पण पाऊण मैल येतो म्हणे. माझी पेटी अंगणापर्यंतही पोहोचत नाही.

मी वाद घातला नाही. तंबोरा मिळवला आणि तिला बसवले, कारण मला दुसरेच पाहायचे होते. मानसिंग, मी डोळे मिटून दोष शोधत होतो. षड्ज जागचा हललेला नाही. गळा मात्र मोकळा झाला आहे, पूर्वीपेक्षा मोठा. हा दोष आहे असे मी लेखी म्हणायला तयार नाही. तिकडे गातेस का, म्हणून विचारले. 'भाकरी करताना गाते.' आणि तो डबा बोंबलत असतो त्याचे काय? 'चिंचेपाशी आल्यावर हे बंद करतात.' का? तिने माझ्याकडे असे पाहिले, जसे मी वर्गात मठ्ठ मुलाकडे पाहात असे. 'ऐकायला.'

मी तंबोऱ्याच्या तारांखालची जवारी नीट करत बसलो. ती नीटच होती.

असो. पाऊसपाण्यात जपून राहावे. मुलांना व तुझ्या सौ.स आशीर्वाद सांगणे.

तुझा,
जोतीरामदादा

ता. क. : कृष्णातराव आणखी दोन दिवस येथेच आहेत. त्यांचा डबा माझ्या अभ्यासिकेच्या खिडकीखाली चालू आहे. हे पत्र त्या परिस्थितीत लिहिले आहे, याची अक्षरावरून कल्पना येईल.

ता. क. दुसरा : विजयमालेचे भाकरीचे बोलणे चालू असताना तुझ्या वहिनी दारात उभ्या होत्या. नंतर पाने वाढताना म्हणाल्या, 'पोरगी नशीबवान. मी तीस वर्षं ताट वाढून तुम्हाला घरभर शोधत फिरते. अभ्यासिकेत, परसात, कधी माळ्यावर. हाक मारली तर ओ देत नाही, समास सुटायचा असतो.' हा आरोप अतिशयोक्त आहे. माळ्यावर मी क्वचित जातो.

ता. क. तिसरा, आणि महत्त्वाचा : तुमच्या कँटीनमध्ये खांद्याला अडकवायचे लहान ट्रान्झिस्टर येतात असे ऐकतो. एक पाठव. स्वर, खर्ज, श आणि स यांचा विचार करू नकोस. आपल्या परसाच्या टोकापासून स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेला म्हणजे झाले. निवड तूच कर. मला विचारू नकोस.